ब्लॉगपासून पॉडकास्टपर्यंत : एझ्रा क्लाइन यांची कारकीर्द आणि राजकीय पत्रकाराचा आवाज

प्रश्न एका तरुण वार्ताहराचा आहे. काही वर्षे राजकीय वार्तांकन केल्यावर त्यांना पॉडकास्ट सुरू करायचा आहे, आणि या क्षेत्रात अमेरिकेतील राजकीय पत्रकार एझ्रा क्लाइन यांचे नाव वारंवार घेतले जाते म्हणून त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. क्लाइन यांची कारकीर्द नेमकी कशी घडली, ही पहिली. आवाजाच्या माध्यमात गेल्यावर त्यांची पत्रकारिता अधिक सकस झाली की ते पत्रकार न राहता राजकारणातले एक पक्षकार झाले, ही दुसरी.

राजकीय वार्तांकन आणि दीर्घ मुलाखती या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. क्लाइन यांनी चार-पाच वेळा माध्यम बदलले, पण एखादे धोरण प्रत्यक्षात राबवायला घेतले तर ते चालणार कसे, हा त्यांचा मूळ प्रश्न कधीच बदलला नाही. पॉडकास्टने त्या प्रश्नाला हवा तेवढा वेळ मिळवून दिला आणि त्याच वेळी प्रश्न विचारणाऱ्या माणसाला स्वतः एक राजकीय वजन दिले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या वजनाचा त्यांनी कसा वापर केला यात आहे.

क्लाइन यांचा जन्म ९ मे १९८४ रोजी कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक. शाळेत गुण बेताचेच होते, हे क्लाइन यांनी स्वतः सांगितले आहे. सांता क्रूझच्या विद्यापीठात असताना विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात लिहिण्यासाठी त्यांनी अर्ज केला, तो नाकारला गेला. पुढे ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि २००५ मध्ये राज्यशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. दरम्यान त्यांचा ब्लॉग सुरू झाला होता. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाचे वार्तांकन करणाऱ्या पहिल्या काही ब्लॉगलेखकांत ते होते. त्याच वर्षी हॉवर्ड डीन यांच्या अध्यक्षीय उमेदवारीच्या प्रचारासाठी त्यांनी व्हरमाँटमध्ये काम केले, आणि २००४ मध्ये वॉशिंग्टन मंथली या नियतकालिकात प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. त्यांनी पत्रकारितेच्या आधी प्रचारात काम केले होते आणि ते कधी लपवले नाही, ही बाब दुसऱ्या प्रश्नाचा विचार करताना लक्षात ठेवावी.

त्या काळातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इराक युद्धाच्या वेळी, महाविद्यालयात असताना, क्लाइन यांनी युद्धाचे समर्थन केले होते. दहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, त्यांनी त्याविषयी जाहीरपणे लिहिले आणि आपले नेमके काय चुकले ते उलगडून दाखवले. एका अभ्यासकाने कागदावर मांडलेले, बऱ्याच अटींनी बांधलेले युद्ध त्यांना पटले होते. प्रत्यक्षात जे युद्ध होणार होते ते बुश प्रशासन चालवणार होते, आणि त्या प्रशासनाची तयारी, क्षमता आणि हेतू यांचा हिशेब त्यांनी केलाच नव्हता. राजकीय पत्रकाराच्या हातून घडणारा हा दोष सर्रास आढळतो. योजनेची घोषणा आपण तपासतो, तिचा युक्तिवाद तपासतो, पण ती ज्यांच्या हाती पडणार आहे त्या यंत्रणेपर्यंत फार क्वचित पोहोचतो. क्लाइन यांच्या पुढच्या लेखनात यंत्रणेचा जो ध्यास दिसतो, त्याचे मूळ मी या अनुभवात शोधतो. हा माझा अंदाज आहे, पण त्यांचे त्या काळचे आणि नंतरचे लेखन शेजारी ठेवून वाचल्यास तो अवाजवी वाटणार नाही.

२००७ मध्ये त्यांचा ब्लॉग द अमेरिकन प्रॉस्पेक्ट या नियतकालिकाकडे गेला आणि मे २००९ मध्ये ते वॉशिंग्टन पोस्टमध्ये रुजू झाले. त्या वर्षी ओबामा प्रशासनाच्या आरोग्यविम्याच्या विधेयकावर अमेरिकी काँग्रेसमध्ये घासाघीस चालू होती. राजधानीतील बहुतेक वार्ताहर कोण कोणावर नाराज आहे आणि कोणाची मते फुटणार याच्या बातम्या देत होते. क्लाइन मात्र आजारी माणसाला विमा नाकारता येणार नाही असा नियम केला तर निरोगी माणसे आजारी पडेपर्यंत थांबतील आणि विम्याचे हप्ते भडकतील, हे समजावत होते. म्हणून प्रत्येकाला विमा घेणे बंधनकारक करावे लागते, आणि ते बंधनकारक केले की ज्यांना परवडत नाही त्यांना अनुदान द्यावे लागते. या तीन तरतुदींपैकी एक काढली तर उरलेल्या दोन टिकत नाहीत, अशी ती मांडणी होती. एवढे एकदा समजले की सिनेटमधील प्रत्येक घासाघीस वाचकाला स्वतःच्या अकलेने वाचता येते, कारण कोणती तडजोड वरवरची आहे आणि कोणती विधेयकाच्या मुळावर येणारी आहे हे त्याला कळते. क्लाइन यांचा वाचकवर्ग याच कामातून तयार झाला, आणि २०११ मध्ये पोस्टने त्यांच्या ब्लॉगचा विस्तार करून वाँकब्लॉग हा धोरणविषयक विभाग उभा केला.

या काळातील त्यांच्या लेखनाला दुसरी बाजूही आहे. फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवून विधेयक अडवण्याचा डाव, मोडण्यासाठी सिनेटमध्ये ६० मते लागत होती आणि डेमोक्रॅटिक गटाकडे नेमकी ६० होती, त्यामुळे अपक्ष सिनेटर जो लिबरमन यांच्या एका मताला अवाच्या सवा किंमत आली. २००६ मध्ये लिबरमन यांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत नाकारले होते आणि ते अपक्ष म्हणून निवडून आले होते. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी ५५ ते ६४ वयोगटाला मेडिकेअर हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा विकत घेऊ देण्याच्या तरतुदीला विरोध केला, तेव्हा क्लाइन यांनी लिहिले की जुना निवडणुकीचा हिशेब चुकता करण्यासाठी लिबरमन लाखो लोकांच्या मृत्यूला कारण व्हायला तयार दिसतात. विमा नसल्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे अंदाज त्यांच्यासमोर होते, पण समोरच्या माणसाच्या मनातील हेतू त्यांच्यासमोर नव्हता. त्या वाक्यावर मोठी टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. धोरणाच्या परिणामांविषयी आकड्यांच्या आधारे कठोर बोलावे, पण हेतूविषयी बोलताना हातात पुरावा असावा लागतो. ब्लॉगच्या दिवसाला दहा नोंदींच्या वेगात ही मर्यादा ओलांडणे सोपे असते. समोर पाहुणा बसलेला असताना तेच वाक्य उच्चारणे फार अवघड जाते, आणि पॉडकास्टने क्लाइन यांच्या भाषेत जो संयम आणला त्याचे एक कारण हे असावे.

याच वर्षांत जर्नोलिस्टचे प्रकरण घडले. फेब्रुवारी २००७ मध्ये क्लाइन यांनी डाव्या आणि उदारमतवादी पत्रकार-अभ्यासकांसाठी एक खासगी ईमेल गट सुरू केला होता. त्यात शेकडो सदस्य होते. जून २०१० मध्ये त्यातील काही मजकूर फुटला, पोस्टमध्येच लिहिणाऱ्या डेव्हिड वायगल यांना राजीनामा द्यावा लागला आणि क्लाइन यांनी गट बंद केला. उजव्या बाजूने याला कटाचे रूप दिले. मला त्यात कट दिसत नाही, पण एकाच विचाराच्या शेकडो लोकांनी बंद दाराआड रोज बोलत राहिल्यास प्रत्येकाच्या डोक्यातील प्रश्न सारखे होत जातात, हा धोका खरा आहे. तो आजच्या प्रत्येक पत्रकाराच्या मोबाइलमध्ये आहे.

२०१४ च्या जानेवारीत क्लाइन पोस्टमधून बाहेर पडले. स्वतंत्र वृत्तसंस्थेचा त्यांचा प्रस्ताव पोस्टने स्वीकारला नव्हता. मेलिसा बेल आणि मॅथ्यू इग्लेशियस यांच्यासह त्यांनी एप्रिल २०१४ मध्ये व्हॉक्स हे वृत्तसंकेतस्थळ सुरू केले आणि क्लाइन त्याचे मुख्य संपादक झाले. बातमीमागचा संदर्भ वाचकाला कायम उपलब्ध असावा म्हणून सुरुवातीला तिथे छोट्या माहितीपत्रांचे संच करून ठेवले जात, बातमी पुढे सरकली की तेच अद्ययावत केले जात. कल्पना चांगली होती, पण वाचकांना तिची सवय लागली नाही आणि ती मागे पडली. याच सुमारास, ऑक्टोबर २०१४ मध्ये, सीरियल या श्राव्य मालिकेने पॉडकास्टला अमेरिकेत मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. २०१५ मध्ये क्लाइन, इग्लेशियस आणि सारा क्लिफ यांनी द वीड्स हा धोरणावर गप्पा मारणारा पॉडकास्ट सुरू केला, आणि २०१६ मध्ये क्लाइन यांचा स्वतःच्या नावाचा मुलाखतींचा पॉडकास्ट आला.

या मुलाखतींचे तंत्र नीट पाहण्यासारखे आहे. दूरचित्रवाणीवरील राजकीय मुलाखत आठ-दहा मिनिटांची असते, आणि अनुभवी राजकारणी तेवढा वेळ तीन पाठ केलेल्या वाक्यांवर सहज काढतो. तास-सव्वा तासाच्या संभाषणात ती वाक्ये पहिल्या पंधरा मिनिटांत संपतात. खरी मुलाखत तिथून पुढे सुरू होते, पण तिथून पुढे टिकण्यासाठी सूत्रसंचालकाकडे पाहुण्याइतकी नसली तरी त्याच्या जवळपास पोहोचणारी तयारी लागते. क्लाइन पाहुण्याचे पुस्तक वाचून बसतात, त्यातील एखादा युक्तिवाद पाहुण्यापेक्षा नेटक्या शब्दांत मांडतात, "हे तुमचेच म्हणणे आहे ना" असे विचारून होकार घेतात, आणि मग त्यातील अडचण पुढे ठेवतात. होकार आधीच घेतलेला असल्यामुळे पाहुण्याला "तुम्ही माझे म्हणणे विकृत केले" असे म्हणण्याची सोय उरत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी ते पाहुण्याला तीन पुस्तके सुचवायला सांगतात. हा प्रश्न साधा वाटतो, पण राजकारणी माणूस त्यावर किती वेळ घुटमळतो यावरून बरेच काही समजते.

मतभेदाचे माध्यम म्हणून पॉडकास्ट किती उपयोगी आहे आणि किती अपुरा, हे एप्रिल २०१८ मधील लेखक आणि पॉडकास्टकार सॅम हॅरिस यांच्याशी झालेल्या संभाषणात दिसते. हॅरिस यांनी आपल्या पॉडकास्टवर वंश आणि बुद्धिमत्ता यांविषयीच्या वादग्रस्त लेखनासाठी ओळखले जाणारे चार्ल्स मरे यांची मुलाखत घेतली होती, त्यावर व्हॉक्सने मानसशास्त्रज्ञांचा टीकात्मक लेख छापला होता, आणि वाद वर्षभर चिघळून दोघांमधील ईमेलही जाहीर झाले होते. शेवटी दोघे एकत्र बोलले आणि दोघांनीही ते संभाषण प्रसिद्ध केले. एकमत झाले नाही. हॅरिस वैज्ञानिक चर्चेच्या स्वातंत्र्याविषयी बोलत राहिले आणि क्लाइन वंशविषयक दाव्यांच्या अमेरिकी इतिहासाविषयी. तरीही ते ऐकल्यावर मतभेद नेमका कुठे आहे हे श्रोत्याला समजते, आणि ईमेल वाचून ते समजत नव्हते.

तंत्राचा विषय निघाला आहे म्हणून माझ्या कामातील एक तपशील सांगतो. मुलाखतीचे संकलन करताना पाहुण्याचा अडखळलेला क्षण कापायचा की ठेवायचा, हा निर्णय दर भागात घ्यावा लागतो. शब्द आठवत नाही म्हणून माणूस थांबला असेल तर मी ती जागा कापतो. अवघड प्रश्नामुळे थांबला असेल तर ती शांतता पूर्ण ठेवतो, कारण उत्तराचा तो भाग असतो. लेखी बातमीत "त्यांनी क्षणभर विचार केला" असे लिहावे लागते आणि वाचकाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागतो; इथे श्रोता ती शांतता स्वतः ऐकतो. प्रश्न आणि उत्तर यांचा क्रम मात्र अर्थ बदलेल अशा रीतीने कधीही हलवू नये, आणि पूर्ण लिखित प्रत प्रसिद्ध करावी. क्लाइन यांच्या भागांची प्रत प्रसिद्ध होते. आवाजातील चूक दुरुस्त करणे छापील चुकीपेक्षा अवघड असते, कारण ज्याने भाग ऐकला तो पुन्हा मागे येत नाही. लिखित प्रतीत निदान दुरुस्तीची नोंद कायम राहते.

नोव्हेंबर २०२० मध्ये क्लाइन न्यूयॉर्क टाइम्सकडे जाणार असल्याचे जाहीर झाले आणि २०२१ च्या आरंभापासून त्यांचा स्तंभ आणि पॉडकास्ट तिथे सुरू झाला. टाइम्सचा द डेली हा २०१७ पासून चालणारा पॉडकास्ट वृत्तविभागाचा आहे, तर क्लाइन यांचा कार्यक्रम मतविभागाचा आहे. दोन्ही एकाच ॲपमध्ये एकाखाली एक दिसतात आणि श्रोत्याला फरक जाणवत नाही, पण नियम वेगळे आहेत. वृत्तविभागातील सूत्रसंचालक कोणी निवडणूक लढवावी हे सांगू शकत नाही. मतविभागातील स्तंभलेखक सांगू शकतो.

क्लाइन यांनी तेच केले. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी पाहुण्याशिवाय, एकट्याच्या आवाजात, एक निबंध प्रसारित केला. अध्यक्ष म्हणून जो बायडेन यांचे काम चांगले आहे, पण कारभार करण्याची क्षमता आणि प्रचार करण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी आता उरलेली नाही, म्हणून त्यांनी बाजूला व्हावे आणि ऑगस्टमध्ये शिकागोला होणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाने उमेदवार निवडावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळची पारंपरिक मुलाखत बायडेन यांनी टाळली होती, त्याचाही त्यात उल्लेख होता. पक्षातील लोक खासगीत हीच चिंता बोलत होते, पण उघडपणे बोलायला जवळपास कोणी तयार नव्हते.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. काही दिवसांतच त्यांनी इलेन कामार्क यांना बोलावले. त्या पक्षाच्या नियमांच्या अभ्यासक आहेत आणि डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीच्या सदस्यही. अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी कोण असतात, ते उमेदवाराशी कितपत बांधलेले असतात, उमेदवाराने माघार घेतली तर मतदान कसे होते, हे सगळे त्या भागात आले. मागणी केल्यावर लगेच तिची यंत्रणा तपासायला बसणे, हे २००९ च्या आरोग्यविमा लेखनाशी थेट जुळणारे काम होते. पुढे २७ जूनच्या वादचर्चेत बायडेन यांची अवस्था सगळ्यांनी पाहिली आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. खुले अधिवेशन मात्र झाले नाही. बायडेन यांनी उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला आणि पक्ष झपाट्याने त्यांच्यामागे उभा राहिला. क्लाइन यांचे निदान खरे ठरले, त्यांनी सुचवलेला उपाय वापरलाच गेला नाही, आणि तो वापरला असता तर नोव्हेंबरमधील अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वेगळा लागला असता का, हे कोणीही सिद्ध करू शकत नाही.

मग ते पक्षकार झाले का? माझ्या मते ते सुरुवातीपासून एका बाजूचे होते आणि ती बाजू उघड होती, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. बदल झाला तो परिणामांत. मार्च २०२५ मध्ये डेरेक थॉम्प्सन यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक आले, ज्यात घरे आणि वीज यांसारख्या गोष्टी उभारण्यात डेमोक्रॅटिक राज्ये स्वतःच्याच नियमांमुळे का अडकतात याची मांडणी आहे, आणि पक्षात त्यावरून मोठा वाद पेटला. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी तेव्हा नवाच पॉडकास्ट सुरू केला होता. त्यांनी क्लाइन यांना पाहुणे म्हणून बोलावले. सत्तेवरील माणूस प्रश्न विचारतो आहे आणि पत्रकार उत्तर देतो आहे, ही अवस्था आली की पत्रकाराची पुढची प्रत्येक मुलाखत अवघड होते. ज्या धोरणाची सूचना त्याने केली तेच राबवणाऱ्याला त्याने किती कठोर प्रश्न विचारावेत? क्लाइन आपल्या बाजूच्या लोकांना अडचणीत आणतात हे मान्य आहे, पण आपल्याच मांडणीवरील सर्वांत समर्थ टीकाकाराला दर वेळी तेवढीच जागा देणे ही त्यांची इथून पुढची परीक्षा आहे, आणि माझा या बाबतीत त्यांच्यावर पूर्ण नसला तरी बऱ्यापैकी विश्वास आहे.

प्रश्नकर्त्याने मात्र त्यांची शेवटची पायरी पाहून पहिले पाऊल टाकू नये. वृत्तविभागात बीट, म्हणजे नेमून दिलेला विषय, सांभाळत असाल तर एकट्याच्या आवाजातील मतनिबंध तुमच्या कामाचा नाही. ज्या सूत्रांवर तुमची बातमी उभी आहे ती दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाहीत. खासगीत सांगितलेली गोष्ट माइकवर गप्पांच्या ओघात निघून जाण्याचा धोका लेखनापेक्षा फार मोठा असतो, म्हणून रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी कोणती माहिती कोणत्या अटीवर मिळाली आहे हे कागदावर लिहून समोर ठेवा. विषय एकच घ्या, ज्याचे नियम, अर्थसंकल्प आणि अंमलबजावणी तुम्हाला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे, आणि पहिले काही भाग राजकारण्यांऐवजी त्या विषयातील अधिकारी, अभ्यासक आणि लाभार्थी यांच्याशी बोलण्यात घालवा. नोकरी सोडण्याचा विचार सध्या करू नका. क्लाइन यांनी स्वतःच्या नावाचा पॉडकास्ट सुरू केला तेव्हा त्यांच्या धोरणलेखनाला बारा-तेरा वर्षे झाली होती आणि पाठीशी संस्था होती. या आठवड्यात १६ फेब्रुवारी २०२४ चा निबंध आणि त्यानंतरचा कामार्क यांच्याबरोबरचा भाग लागोपाठ ऐका, लिखित प्रत शेजारी ठेवा, आणि क्लाइन जिथे स्वतः पाहिलेले सांगतात, जिथे ऐकीव सांगतात आणि जिथे फक्त मत देतात, त्या जागा तीन वेगळ्या रंगांनी खुणा करून पाहा.